कारल्याच्या वेलाचा पेला

मी, कु. सगुला एलिया नागावकर, वय २७, धर्माने यहुदी, जमातीने बेने इस्राएल, औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ, राहणार कामगार वसाहत, पिंपरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या बुधवारी मुंबईत माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. एक झडप अरुंद झाली आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणी दडपण आणलेले नाही, सल्लाही दिलेला नाही.

१. राहती खोली कारखान्याची आहे, ती कारखान्याकडे जाईल. पोस्टातील शिल्लक भाऊ शालोम यास. पुस्तके व स्लाइड रूल प्रयोगशाळेतील सुमनताई यांस. त्या वस्तू जागच्या जागी ठेवतात.

२. चांदीचा पेला एक. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या, संध्याकाळी यात मनुकांचे सरबत ओतून आशीर्वाद म्हणतात. माझ्या पणजोबांनी तो रेवदंड्याच्या सोनाराकडून घडवून घेतला. एकाच पत्र्यातून ठोकून उठवलेला आहे, कोठेही सांधा नाही. आत राळ भरून बाहेरून नक्षी ठोकली आहे. पणजोबांनी द्राक्षाचा वेल सांगितला होता. सोनाराने तो कधी पाहिला नव्हता. त्याने परसातले कारल्याचे पान समोर ठेवले आणि वेलाला जांभळांचे घोस लावले. काम अत्यंत सफाईदार आहे. घरात सगळे त्याला कारल्याचा पेला म्हणतात.

३. आई राहेलबाई दर शुक्रवारी दुपारी हा पेला राख आणि चिंच लावून घासत असे. तिच्या अंगठ्याखालची दोन पाने सपाट झाली आहेत. जानेवारी १९५६ मध्ये ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी पेला प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलला. बारा शुक्रवारांनंतर पुन्हा तोलला. घट एकतीस मिलिग्रॅम. आकडा आईला दाखवला.

"अगं, झिजायचंच ते," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी घासला, त्यांच्या सासूबाईंनी घासला. तू काय मोजत बसलीस?"

मी पेला काचेच्या बरणीत ठेवला, ओल शोषायला तळाशी खडू घातला आणि झाकण मेणाने बंद केले. चांदी झिजू नये आणि काळीही पडू नये, यासाठी ही पद्धत बरोबर होती.

मग सरबत काचेच्या ग्लासात. शुक्रवारी दुपारी आई राखेची वाटी घेऊन बसे आणि थोड्या वेळाने उठे. एका शुक्रवारी ती तो ग्लासच राखेने घासू लागली. काचेवर ओरखडे पडले. त्या दिवशी शालोमची पत्नी, लीयावहिनी, पुण्याहून आली होती.

"वन्सं, चांदी राखलीत," ती म्हणाली. "आता आईंनी हात कुठे ठेवायचे?"

तेव्हापासून मी वहिनीशी बोललेले नाही. पेला बंद केल्यावर आई चौदा शुक्रवार जगली. शेवटच्या शुक्रवारीही मी बरणी उघडली नाही.

४. शालोमने पेला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटासाठी मागितला आहे. त्यास देऊ नये. पेला लीयावहिनीस द्यावा. तिचे म्हणणे खरे होते आणि ते मला त्याच क्षणी कळले होते. अट एकच: दर शुक्रवारी घासावा. पाने जातील, जांभळे जातील, जाऊ द्यावीत. पत्रा फाटला तर सोनाराकडून ठिगळ लावून घ्यावे आणि ठिगळही घासावे. ती दोघे इस्राएलला जाण्याचे बोलत आहेत. गेल्यास पेला सोबत न्यावा. राख तिकडेही मिळेल.

५. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. कारखान्यातील फिटर लालमहंमद यांनी विचारले, "बाई, ऑपरेशन होऊन ठणठणीत परत आलात, तर या कागदाचं काय?"

"काय म्हणजे?" दवाखान्यातल्या नर्स इंदुताई म्हणाल्या. "बसमध्ये बसायचं आणि वहिनीच्या हातात नेऊन द्यायचा."

ही शक्यता मी धरली नव्हती. म्हणून जोडते: परत आल्यास कलम चार लागू राहील आणि पेला मी स्वतः पोचवीन. काय बोलायचे ते अजून ठरलेले नाही.

परवा शुक्रवारी बरणीचे मेण फोडले आणि पेला राखेने घासला. आईचा अंगठा जिथे टेकत असे तिथे माझा पोचत नाही. घासून झाल्यावर तोलला नाही.

सही: सगुला एलिया नागावकर
साक्षीदार: १. इंदुताई गणपत काळभोर, नर्स
२. लालमहंमद वजीर शेख, फिटर
पिंपरी, रविवार, ता. १२ जानेवारी १९५८