यशूच्या कार्डावरच्या खुणा

१० फेब्रु.
माझी यशू तिसरीत. शाळेतल्या बाईंनी बोलावून तिची वही दाखवली. अक्षरं रेघ सोडून भलतीकडंच. "पाच ओळीत चारदा उठती. पेन्सिली मोडती. घरी बघता का न्हाई तुमी?" मी अंगणवाडीची सेविका. गावातल्या आयांना मी हेच विचारते. लाज वाटली.

१६ फेब्रु.
बटणं मीच लावली, बुटाची नाडीही. सासूबाई म्हणाल्या, "आठ वर्षाची घोडी झाली." दुपारी अंगणात हळद शिजवणं चालू. यशू चालत आली न् वाफाळत्या ढिगापाशी आदळली. हातभर पुढं पडली असती तर... रट्टा दिला, मग पोटाशी धरून मीच रडले. "मी बघूनच चालले व्हते गं मम्मी." खरंच बघून चालत होती. भीती त्याचीच वाटते.

२४ फेब्रु.
हिंगोली. लेकरांचे डॉक्टर. एका पायावर उभं राहा, मणी ओव, चेंडू झेल. चेंडू दरवेळी छातीवर. ती हसत होती, माझा जीव तुटत होता. डॉ. म्हणाले, लक्ष टिकत नाही आणि हातापायाचा मेळही बसत नाही, बऱ्याचदा दोन्ही जोडीनं असतं. आळस नाही. पण लहानपणापासूनच असं आहे का? आधी चांगली असून आता बिघडलं असेल तर डोक्याच्या तपासण्या. कधी बसली, कधी चालली ते लिहिलेलं अंगणवाडीचं वाढीचं कार्ड आणा. आमचे हे फुशारकीनं म्हणाले, "कार्ड पक्कं हाय साहेब, हिनंच भरलंय."

२५ फेब्रु.
कार्ड काढलं. बसली, रांगली, चालली, सगळ्या खुणा वेळेवर. सगळ्या खोट्या. बाया म्हणाल्या असत्या, हिचंच लेकरू मागं, आमाला काय शिकवती. म्हणून दर महिन्याला खूण करत गेले. दुसऱ्या कुणाच्या कार्डावर एकही खोटी नाही, शपथ. दिव्याखाली अंधार. तेव्हाच खरं लिहिलं असतं तर एवढी वर्षं वाया...

१ मार्च
ह्यांना सांगितलं. घास हातातच राहिला. "काहून केलंस असं?" मग, "कार्ड हरवलं म्हणून सांग. वर कळलं तर नोकरी जाईल." तेवढ्यात यशूनं ताटावर तांब्या सांडला. आज कोणीच ओरडलं नाही तिला.

५ मार्च
पुन्हा हिंगोली. बसमध्ये ठरवलं हरवलं म्हणायचं. पिशवीत कार्ड होतंच. डॉक्टरांनी हात पुढं केला, मी देऊन टाकलं. "सगळं वेळेवर झालेलं दिसतंय. मग तपासण्या कराव्या लागतील."
"साहेब, ते खोटं आहे. मीच लिहिलंय."
ह्यांनी मान खाली घातली. डॉक्टर रागावले नाहीत. कोरा कागद घेतला. "मग खरं सांगा. कधी चालायला लागली?"
तोंड उघडलं. सव्वा वर्ष? दीड? की त्याच्याही नंतर? ते कार्ड इतक्यांदा वाचलंय मी, की खोट्या खुणाच डोळ्यापुढं येतात. ह्यांच्याकडं पाहिलं, ते माझ्याकडं पाहत होते. गावातल्या कुणाचंही लेकरू विचारा, तोंडपाठ सांगेन. माझ्या यशूचं आठवेना. डॉक्टर पेन धरून थांबले होते.