समुद्राचं आचमन

३ फेब्रुवारी, जबलपूर

आज सदर बाजारात, भर दुपारी, दोन साक्षीदारांसमक्ष माझ्या गुडघ्यांवर अन्याय झाला. चोपन्न वर्षं ज्यांनी परका डोळा पाहिला नाही, अशा या दोन सद्वर्तनी अवयवांना उघडं पाडणारी, पोपट छापलेली अर्धी पँट वसुधानं माझ्यासाठी घेतली. मी हरकत नोंदवली. दुकानदार म्हणे, "सर जी, बीच पर धोती में जाएँगे क्या?" म्हटलं, त्यात गैर काय? वसुधा त्याला म्हणाली, "पैक कर दीजिए भैया, इनकी मत सुनिए."

(वसुधा म्हणजे यापुढे व. लग्नाला वीस दिवस झाले, एवढं लाघव आता चालावं.)

माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पाहिलं नसावं. सातवीला संस्कृत शिकवणाऱ्याला थोडी प्रतिष्ठा असते. पोपटांत ती टिकत नाही.

४ फेब्रु.

आईनं शिदोरी बांधली. दशम्या, तिळाची चटणी, गूळपापडी. अंदमान बुडालं तरी आम्ही आठवडाभर तगू. "तिकडं सगळं माशाच्या कढईतलं. काहून जाऊन राहिले एवढ्या दूर? पचमढी काय वाईट आहे?" म्हटलं, आई, मधुचंद्र आहे. "या वयात चंद्र पचमढीतूनही दिसते."

व. हसली. पण दशम्यांचा डबा हातात घेताना जरा थांबली, ते मी पाहिलं.

ती मूळची रत्नागिरीकडची. वडील इथल्या फॅक्टरीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. मासे खाणारं घर. लग्न ठरलं तेव्हा आईनं एकच अट घातली: घरात नाही, बाहेरही नाही. व. म्हणाली, "बरं, आई." मी शेजारी मटार सोलत बसलो होतो. सोलतच राहिलो.

दोघांचंही पहिलंच लग्न. मी आईचं करत राहिलो, ती दोन धाकट्या भावांचं. भाऊ मार्गी लागले, माझं केस काळे करणं सुटलं, मग कोणीतरी मध्यस्थी केली. वगैरे.

७ फेब्रु., पोर्ट ब्लेअर

रेल्वे, विमान, आणखी एक विमान. उद्या पहाटे बेटावर जायची बोट. कंबर नावाची वस्तू कुठं असते ते नीट कळलं.

८ फेब्रु., स्वराज द्वीप

आजचं सविस्तर लिहितो. असे दिवस मला फार आलेले नाहीत.

बोटीत मला मळमळलं, तिला नाही. "कोकणी रक्त आहे," म्हणाली. जन्म जबलपूरच्या नेपियर टाउनातला, गप्पा बघा.

सकाळी काला पत्थर नावाचा किनारा. काळे दगड, पांढरी वाळू, आणि मधल्या पाण्याचा जो रंग आहे त्याला मला येणाऱ्या तिन्ही भाषांत शब्द नाही. उभा राहून शोधत होतो. व. म्हणाली, "शब्द नंतर शोधा, आधी बघा तर." पाहिलं. बरोबर होतं तिचं. रस्त्याकडेला दोन शहाळी, आतली मलई करवंटीच्या कपच्यानं खरवडून. मग बोटाएवढी केळी, सहा. अशी केळी आमच्याकडे मिळत नाहीत, आणि मी हे आईला सांगणार नाही.

दुपारी राधानगरचा किनारा. अर्धी पँट धारण केली. कोणी मूर्च्छित पडलं नाही. किंचित निराशा.

मग घडलं ते असं. पाण्याशी गेलो आणि हातांनी परस्पर आपलं काम केलं. लहानपणापासून नर्मदेच्या ग्वारीघाटावर करतो तसं वाकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, मोठ्यानं "नर्मदे हर" म्हटलं आणि गटकन प्यालो.

समुद्र नाकातून परत आला.

झाडाखाली तळणाची गाडी लावलेली एक बाई ओरडली, "अरे दादा, वो पीने का पानी नहीं है!" साऱ्या किनाऱ्यानं ऐकलं. व. वाळूत बसली आणि हसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. लग्नात तर नाहीच.

बाईनं गोडं पाणी दिलं. तिचं घर दोन पिढ्यांमागं बंगालमधून इथं आलेलं, सगळे तिला मासी म्हणतात. चूळ भरून वर पाहतो तर व.चं हसणं थांबलेलं. गाडीवर केळीच्या पानावर हळद-तिखट लावलेले तुकडे मांडले होते.

"सुरमई आहे," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

मासी: "सुबह की है दीदी. तल दूँ?"

"नहीं, हम नहीं खाते."

त्या 'हम'मध्ये मी होतो, आई होती, आमचं विजय नगरचं अख्खं घर होतं. ती तेवढी नव्हती.

मी म्हटलं, "खा."

"आईंना शब्द दिलाय."

"तो घरातला."

"घरातला अन् बाहेरचा, दोन्ही. तुम्ही होतात की तिथं. मटार सोलत."

वर्मी लागलं. तिला ते कळलं असावं, कारण लगेच रुमाल पुढं करून विषय बदलला. "नाक पुसा, पंडितजी. नदीची सवय समुद्रावर चालत नसते, एवढं तरी कळलं ना आज?"

तीस वर्षांपूर्वी शिकलेला न्यायशास्त्रातला तर्क कधी नव्हे तो वेळेवर आठवला. म्हटलं, "मग आमच्या स्वयंपाकघराची सवय या बेटावर कशी चालेल? दृष्टांत तुझा, प्रतिज्ञा माझी. सिद्ध झालं."

तिनं रुमाल परत घेतला. "आईंना कोण सांगेल?"

"मी सांगेन."

"तुम्ही?"

"मीच."

मासीनं वादाचा निकाल लागायची वाट न पाहता तुकडे तव्यावर टाकले होते. अनुभवी बाई.

व.नं खाल्लं. काय सांगू कसं खाल्लं! काट्यापाशी येऊन बोटं हळू होत, तो अलगद निघे, पानाच्या कडेला ओळीनं लागे. दुसरा तुकडा संपल्यावर बोलली. तिचे वडील दर रविवारी जबलपुरात नदीचा मासा आणायचे आणि खाताना शिव्या द्यायचे, "हा मासा आहे का? ओला कापूस आहे!" समुद्राचा तिनं आयुष्यात दोनदाच खाल्लेला, रत्नागिरीला, लहानपणी. "बाबा असते तर मासीच्या पाया पडले असते."

माझा वाटा एवढाच: लिंबू मी पिळलं.

नंतर छातीभर पाण्यात गेलो, तिचा हात धरून. लाटेनं दोनदा पाडलं, दोनदा उठलो. पोपट भिजले. मी ओरडत होतो असं व. म्हणते. संस्कृतात ओरडत होतो असंही म्हणते. शक्य आहे. आज मी जिंकलो. कोणाला हरवलं ते विचारू नये.

९ फेब्रु.

आज काचेचा मुखवटा बांधून, तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घातलं. खाली मासे. पिवळे, निळे, एक पट्टेरी गृहस्थ अगदी मुख्याध्यापकांच्या चालीचा. ज्यांच्या भक्षणाच्या बाजूनं मी काल युक्तिवाद केला त्यांचे हे नातेवाईक. नजर चुकवली.

दुपारी पुन्हा मासीकडे. व.नं खेकडा घेतला. मी डाळ, भात, केळफुलाची भाजी. भाजी उत्तम. वेगळ्या कढईत केली का, हे विचारलं नाही. विचारावंसं वाटलं आणि तरी विचारलं नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. मासीनं व.ला डोळ्यानं खुणावलं, "दादा सुधर रहे हैं." व. म्हणाली, "धीरे-धीरे."

खोलीवर परत येताना व. गुणगुणत होती. मी काही बोललो नाही. माझं बोलणं सगळीकडे लागतंच असं नाही, हे नवीन ज्ञान.

१२ फेब्रु., जबलपूर

घरी. आईनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. व.ला म्हणाली, "किती काळवंडलीस गं! यानं तुला छत्री नाही घेऊन दिली?" मग तिच्यासाठी स्वतः साय काढून ठेवली. सून आवडली आहे तिला. हेच अवघड आहे. आई वाईट असती तर काम सोपं होतं.

१५ फेब्रु.

व.ची रजा संपली, आज ऑफिसला गेली. माझी अजून दोन दिवस आहे. दुपारी आई पलंगावर लवंडली होती, मी वर्तमानपत्र वाचत होतो. आईनं सहज विचारलं, "तिनं शब्द पाळला ना रे?"

मी पान उलटलं. मी म्हटलं, "जेवणाचे हाल नाही झाले आई, भाजी मिळायची छान." खोटं नाही. उत्तरही नाही. आई "बरं" म्हणाली आणि कूस बदलली.

संध्याकाळी व.नं चप्पल काढता काढता विचारलं, "सांगितलंत?"

"अजून नाही."

"अच्छा." आणि कोथिंबीर निवडायला बसली. त्या 'अच्छा'त राग नव्हता. राग असता तर बरं होतं. मी काही बोलू शकलो असतो.

साधं लिहितो. आईच्या रागाची मला भीती नाही. ऐंशीव्या वर्षी ती रागावेल, दोन वेळा जेवणार नाही, मग जेवेल. भीती मला माझी वाटते. "मी सांगेन" म्हणणारा तो माणूस मला फार आवडला होता, तिलाही आवडला होता. तो या घरात राहू शकेल की नाही, मला खरंच माहीत नाही. आणि व. त्याची किती दिवस वाट पाहील, तेही.