दाजींनी आधी पाळणा केला

दि. ४ फेब्रुवारी

ति. ताई व दाजींस,
सा. न. वि. वि. आणि प्रभूच्या नावानं सलाम.

म्हणजे बाळच हवं, हा हट्ट तू सोडणार नाहीसच. मी एवढं पानभर लिहिलं आणि तुझं उत्तर एका ओळीत, पाळणा तयार आहे. अगं, पाळणा तयार आहे म्हणून बाळ शोधायचं असतं का? दाजी सुतार आहेत. उद्या त्यांनी होडी केली तर तुम्ही समुद्र शोधत फिराल. त्या परदेशातल्या अनाथाश्रमानं सरळ कळवलंय की तान्ह्या बाळांसाठी रांग आहे, आणि त्या पाच वर्षांच्या मुलीला कुणी विचारत नाही. तिचा फोटो तू मलाही पाठवलास. मनात भरली नसती तर पाठवला असतास?

आई म्हणते, एवढ्या मोठ्या पोरीला तिची आई आठवत असेल, ती तुला आई कशी म्हणेल. आठवू दे की. मी इथं फरशा बसवायला आलो तेव्हा इथल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. घरमालकीण म्हातारी ताट ठेवून समोर बसायची, मी मान खाली घालून जेवायचो. एकदा तोंडातून ‘आजी’ निघून गेलं. तिला अर्थ माहीत नाही, पण ओ देते. म्हणून आपली आजी खोटी झाली का?

शाळा बुडवणाऱ्यानं शहाणपण शिकवू नये, म्हणशील. बरं, नाही शिकवत. दाजींना म्हणावं रागावू नका. आईला नमस्कार. रागावलात तरी प्रार्थनेत माझं नाव गाळू नका.

तुझा,
धाकटा

दि. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. होडीपर्यंत हसले, पुढं नाही.

चर्चचे पाळकसाहेब घरी आले होते. येणारा प्रत्येक जण पाळणा एकदा हलवून जातो, तसा त्यांनीही हलवला आणि विचारलं, तुम्ही मूल मागताय की वय मागताय? खरं सांगू, पाळणा हे निमित्त होतं. बाळ कुणाला नको म्हणत नाही. पाच वर्षांची पोर म्हणू शकते. तिनं मला नको म्हटलं तर काय करायचं, हे मला अजून कळत नाही.

शनिवारी हे कामावरून आले ते पाळणा उचलून मागच्या खोलीत गेले. वाटलं, रागानं तोडतात. बघते तर बाजू सुट्या करून पलंगाची चौकट आखत होते. मला म्हणाले, शेजारची पाच वर्षांची पोर आडवी झाली की मोजून ये. आले मोजून. आश्रमाला होकार कळवलाय. आई चादर शिवतेय, आणि मला अजून पटलेलं नाही असं येताजाता सांगतेय.

आता एक अडचण. तिकडं महिनाभर राहून पोरीला आपली सवय होऊ द्यायची, मग तिला विचारूनच ठरतं. दोघांच्या भाड्याचं जमत नाही, म्हणून मी एकटी जाईन. यांची सही टपालानं चालेल. हे म्हणतात, मला कुठं बोलता येतं, मी येऊन काय करू.

आणि हे काम तरी सोडू नकोस. पायाला भिंगरी लावून जन्मलायस. जेवत जा, आणि आमच्यावरचा जीव असाच असू दे.

तुझी,
ताई

दि. १९ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

होकार वाचून मी मुकादमाला मिठी मारली. तो अजून माझ्यापासून चार हात लांब चालतो.

पण एकटी जाऊ नकोस. दाजींना बोलता येत नाही म्हणूनच त्यांना ने. तुझी बडबड त्या पोरीला कळणार नाही. दाजी कोपऱ्यात लाकूड तासत बसले, तर ती आपणहून बघायला येईल. आणि नको म्हणायचंच असेल तर दोघांना बघून म्हणू दे. अर्धं घर बघून तिनं कसं ठरवायचं?

तुझ्या भीतीवर माझ्याकडं औषध नाही. ती नको म्हणेल किंवा म्हणणारही नाही. म्हटलं तरी महिनाभर दोन माणसं आपल्यासाठी येऊन बसली होती, एवढं तिच्याकडं राहील. म्हातारीला तुमच्या लग्नाचा फोटो आणि पोरीचा फोटो शेजारी ठेवून दाखवला. बराच वेळ बघून तिनं दाजींवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. तुझ्यावर ठेवलं नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

बंदरावरच्या कामाला जायचं ठरवलं होतं, ते रद्द. मुकादमाकडून उचल घेतलीय, म्हणजे वर्षभर इथंच. आईला म्हणावं, पटेल सावकाश. तुम्हा सगळ्यांचा लोभ आहेच, आता त्यातला थोडा तिच्यासाठी बाजूला काढा.

तुझा,
धाकटा

ता. क. दाजींचं जाण्यायेण्याचं भाडं बँकेतून येईल. ते नको म्हणतील, ऐकू नकोस. एक्क्याऐंशी हजार चारशे.