सुमती ऊर्फ चित्रा यांचे चालू खाते

ठाणे,
२१ नोव्हेंबर १९५५

तीर्थस्वरूप सौ. सरोजवन्सं यांच्या पायांशी,

सुमतीचा नमस्कार पोचावा. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडताच बाजूला ठेवलं असेल, तर आधी ते फोडावं आणि मग काय रागवायचं ते रागवावं. (हे वाक्य वाचलंत, म्हणजे फोडलंत. उपकार झाले.) तुमचे गुडघे कसे आहेत? शाळेचा जिना चढताना तुम्ही मध्ये दोनदा थांबता, असं तुमच्याच शाळेतल्या एक बाई पावतीपुस्तकं छापायला आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. थांबत जा, पण थांबल्यावर मुलींना ओरडत जाऊ नका, त्यानेच धाप लागते. भावोजींचा दमा थंडी पडली की डोकं वर काढतो. त्यांना ओवा शेकून द्यावा. माझं म्हणाल तर बरं आहे. परवा भाऊबीजेला मी उगाचच दारात तीनदा जाऊन आले. तुम्ही येणार नाही हे माहीत होतं, आणि येऊन ओवाळणार तरी कुणाला, हेही माहीत होतं. तुम्ही कल्याणला गच्चीवरून चंद्राला ओवाळलं असेल. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि ते तुमच्यासाठी वाटलं, हे लिहून टाकते.

हे गेले त्याला चौदा महिने झाले. चौदाव्या दिवशी मी छापखान्याचं कुलूप काढलं, त्यावरून तुम्ही जे बोललात आणि न जेवता टांगा मागवलात, त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. (एवढंच लिहिते, की आत शाळेच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका अर्ध्या जुळवून पडल्या होत्या. भूगोल झाला होता, गणित बाकी होतं. खिळे ह्यांनी स्वतः लावले होते. परीक्षा काही सुतक पाळत नाही, हे तुम्हा मास्तरीणबाईंना मी काय सांगावं? आणि तुम्ही म्हणालात तसा आनंद वगैरे मला झाला नव्हता. आपला कामगार पंढरी खिळे जुळवत होता आणि मी कागद मोजत होते, आणि आम्ही दोघंही रडत होतो. तुम्ही थांबला असतात तर दिसलं असतं.) असो. तर त्याबद्दल लिहीत नाही. पत्र बँकेबद्दल आहे.

आपली जुनी बँक तुम्हाला माहीतच आहे. छापखान्याचं चालू खातं तिथे वीस वर्षं होतं, आणि हे गेल्यावर त्या लोकांनी एका दिवसात ते माझ्या नावावर करून दिलं. फार चांगली माणसं, त्यांना नावं ठेवली तर माझी जीभ झडेल. पण वन्सं, चांगुलपणालाही काही सुमार असतो. मी दारात दिसले की शिपाई उठून उभा राहायचा. कॅशियर नोटा मोजायचा त्या हळू, आवाज न करता. मग शाखेचे मुख्य, एजंटसाहेब, मला आतल्या खोलीत नेणार, चहा मागवणार, आणि चहा येईपर्यंत माझ्याकडे बघून सुस्कारे सोडणार. चहा आला की ह्यांची एक आठवण सांगणार. ती दर वेळी एकच. (हे म्हणे एकदा बँकेत छत्री विसरले होते. पुढे काय झालं, तर काही नाही, दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेले.) त्या छत्रीपायी चौदा महिने दर शनिवारी माझा अर्धा दिवस गेला. घरून मी हिशेबाचा विचार करत निघायची आणि परत यायची ती डोळे सुजवून.

तेही मी सोसलं असतं. पण गेल्या महिन्यात मी कागदवाल्याला चेक दिला, तो साहेबांनी तीन दिवस दाबून ठेवला. शिल्लक होती, सही बरोबर होती. मग का? तर वहिनींना एवढा कागद खरंच हवा आहे का, की कुणी त्यांना फसवतंय, याची खात्री करायला त्यांनी शिपायाला आपल्या घरी पाठवलं! तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यानंतर लोक लग्नपत्रिकांसाठी दारात रांग लावणार, आणि छापखान्याला कागद कशाला लागतो हे मी त्या शिपायाला समजावून सांगत बसले. कागदवाला वेगळाच बिघडला. त्या दिवशी मी ठरवलं, की जिथे मला कुणी म्हणून ओळखत नाही अशा बँकेत जायचं.

खातं बंद करायला गेले तर त्यांना वाटलं, मी छापखानाच बंद करतेय. नाही म्हणेपर्यंत शिपाई नारळ घेऊन आला. साहेबांनी उभं राहून चार शब्द सांगितले (छत्रीसह), कॅशियरने डोळे पुसले, आणि मेली मीही रडले. रडू आलंच मला, काय करू! ह्यांच्यासाठी रडणारी तेवढीच चार माणसं उरली होती आणि मी त्यांनाही सोडून चालले होते. बाहेर आले तेव्हा एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात सगळ्या शिलकेचा एक चेक. त्याच्यावर दोन तिरक्या रेघा. म्हणजे तो रोख वटत नाही, माझ्या नावाच्या खात्यातच जमा व्हायला लागतो. आणि खातं तर मी आत्ताच बंद करून आलेली!

तिथून तशीच नव्या बँकेत गेले. स्टेशनाजवळ नवी पाटी लागली आहे तीच. तुमचा पगार तुम्ही ज्या बँकेच्या कल्याणच्या शाखेत ठेवता तिचीच ही ठाण्याची शाखा. तिथे सुधीर म्हणून एक अधिकारी आहे. आवाज फुटून चार वर्षं झाली असतील नसतील, पण टाय बांधतो. शिपाई उठला नाही, कुणी सुस्कारा सोडला नाही, चहा तर नाहीच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग त्या सुधीरने फॉर्म पुढे केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, की बाई, इथे तुम्हाला कोण ओळखतं? कुणीही ओळखत नाही, म्हणूनच तर आले, असं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. तेव्हा त्याने मला समजावलं, की या बँकेतल्या एखाद्या खातेदाराने मी हिला ओळखतो म्हणून सही केल्याखेरीज खातं उघडत नाही. आता बोला!

जुन्या साहेबांकडून पत्र आणलं (चहा झाला). दोन पानी पत्र, अक्षर मोत्यासारखं, पण सगळं ह्यांच्यावर. माझ्याबद्दल शेवटी एक ओळ, ‘त्यांच्या दुर्दैवी पत्नी’. सुधीर म्हणाला, यात नाव कुठे आहे? परत जाऊन घालून आणायचं तर पुन्हा चहा आणि पुन्हा छत्री, ते माझ्याने होईना. मग देवासारखे आपले कोलशेतचे राघो पाटील मुलीची पत्रिका छापायला आले. मिठागरं त्यांची, जमीन विकून आलेले पैसे याच बँकेत, आणि मला ते वीस वर्षं ओळखतात. लगोलग माझ्याबरोबर आले. सुधीरने विचारलं, या बाईंना ओळखता? पाटील म्हणाले, वळखतो म्हंजे काय! नाव काय यांचं? पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, “वयनी हाय ती. वयनीला कोन नावानं हाक मारतं रं?” सगळी बँक हसली. मीही हसले. पण घरी येताना मी मनाशी मोजत होते, की ठाण्यात मला नावाने हाक मारणारं कोण आहे, आणि जांभळी नाक्यापर्यंत आले तरी एकही सापडेना.

सुधीर वाईट नाही. म्हणाला, तुमच्या नावाचा कुठलाही कागद आणा, मी वर विचारतो. जुनं पासबुक खातं बंद करतानाच जमा झालं होतं, आणि नुसत्या चेकवरच्या नावाने ओळख पटत नाही म्हणे. रेशनकार्डावर हे आणि खाली ‘पत्नी एक’. भाडेपावती ह्यांची, विजेचं बिल ह्यांचं, छापखान्याची पाटी ह्यांच्या वडिलांची. ट्रंकेच्या तळाशी माझ्या नावाचा म्हणून एकच कागद निघाला, सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला, कुमारी चित्रा वामन मथुरे, गणितात विशेष प्रावीण्य. (ते कशात वाया गेलं ते तुम्ही जाणताच.) सुधीरने वाचलं आणि विचारलं, या बाई कोण? मी म्हटलं, मीच. मग सुमती त्र्यंबक ताम्हाणे कोण? त्याही मीच. त्याने टाय सैल केला. तुमच्या सासरच्यांनी कमळचं सरोज केलं, वन्सं, म्हणजे फूल तरी तेच ठेवलं. माझ्यात आणि चित्रात धागाच नाही. शेवटी ठरलं ते असं. चित्रा आणि सुमती ही एकच बाई आहे, हे दोघींनाही पाहिलेल्या कुणीतरी लिहून द्यावं, आणि तो माणूस या बँकेचा खातेदार असावा. माझे आईवडील गेले, भाऊ मला नव्हताच. लग्नाला हजर असलेली आणि त्या बँकेत खातं असलेली, अशी पृथ्वीवर एकच व्यक्ती आहे, आणि ती माझ्याशी बोलत नाही.

तर सोबत फॉर्म जोडला आहे. खुणेच्या जागी सही करावी आणि वर दोन ओळी लिहाव्या, की मी हिला ओळखते. गोड लिहायची गरज नाही. चेक मी देव्हाऱ्यात ठेवला आहे, कागदवाला रोख मागतोय, पंढरीचा दोन शनिवारचा पगार थकलाय आणि तो मागत नाही, म्हणून जास्त लाज वाटते. तुमची सही आली नाही तर तुळशीच्या लग्नानंतर छापखान्याला मी खरंच कुलूप लावीन, आणि या वेळी तुमच्या म्हणण्याप्रमाणे झालं असं समजावं. भावोजींना नमस्कार.

तुमची भावजय,
सुमती

ता. क. सही टपालाने आली तरी चालते. खातेदाराने स्वतः ठाण्याला यायला पाहिजे, असा नियम पत्रात लिहिता येईल का, असं मी सुधीरला विचारून पाहिलं. तो नाही म्हणाला.

आणखी एक ता. क. हे लिहायचं नव्हतं, पण पाकीट अजून चिकटवलं नाही. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नाव लिहिलं, आणि तुम्ही तळहात फिरवून ते पुसलंत आणि पुन्हा लिहायला लावलंत. छापखान्यातला मुलगा, खिळ्यांच्या सवयीने अक्षरं उलटी काढली, असं म्हणून सगळे हसले, आणि पंचवीस वर्षं आपण तीच गंमत सांगत आलो. माझी मान खाली होती, मला फक्त तुमच्या हिरव्या बांगड्या दिसल्या. शेवटच्या आजारात, जाण्याच्या आदल्या दिवशी, हे म्हणाले, की कमळताईने पुसलं ते उलटं नव्हतं, मी चित्राच लिहिलं होतं. मी पुन्हा विचारलं तर पाणी मागितलं. ताप होता, तापात माणूस काहीही बोलतं. मला त्यांनी आयुष्यात कुठल्याच नावाने हाक मारली नाही, सगळा संसार ‘अगं’वर झाला, म्हणून मला कळायला दुसरा मार्ग नाही. मी रागावणार नाही, वन्सं, शपथ. तुम्ही सुमती ठेवलंत ते चांगलंच आहे आणि खात्यावरही तेच घालणार आहे. फॉर्म आठ दिवसांनी पाठवलात तरी चालेल, पंढरीला मी सांभाळून घेईन. पण त्या ताटात आधी काय होतं, ते एका कार्डावर लिहून आजच टपालात टाका. अक्षरं नुसती उलटीच होती, एवढंच असेल, तर तेही लिहा.