भट्टीखालचे भाऊ

किटोसी,
६ फेब्रुवारी १९९४

चि. दमालीस एरियादादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेल्या मुळ्यांचा लेप लावतेस, की डबा फळीवर ठेवून दिलास? योकानांचा खोकला गेला का? तीस वर्षं गिरणीतला कापूस छातीत भरून घेतलेल्या माणसाने थंड पाण्याने अंघोळ करू नये, हे माझं सांगणं त्यांना पुन्हा एकदा सांग. तुझी लेक युनिया बाळंतपणातून उठली का? बाळाचं पोट धरलं का? झाकालियाची सुजलेली दाढ काढली की अजून गाल धरून हिंडतो आहे? मी ठीक आहे. एक डोळा अधू झाला, दुसरा दोघांचं काम करतो.

आता तुझ्या घराचं. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नाही. बेस्वेरीने आणि त्याच्या माणसांनी नऊ हजार विटा पाडल्या, वाळवल्या, भट्टीही रचून झाली. लाकूड शेजारी रचून ठेवलंय. छपराचे पत्रे माझ्या खोलीत उभे आहेत, त्यामुळे मी आडवा होतो तो पत्र्यांच्या मेहरबानीने. एवढं सगळं झाल्यावर गेल्या सोमवारी घोडं अडलं.

झालं असं. भट्टीला बाहेरून लिंपायला थोडा चिखल हवा होता. दलदलीच्या सुकलेल्या काठावरून बेस्वेरीने ढेकळं खणून आणली आणि खड्ड्यात पाणी घालून संध्याकाळी भिजत टाकली. सकाळी त्याचा माणूस तुडवायला उतरला तो ओरडत बाहेर आला. चिखलात मांबा मासा. हाताएवढा लांब, जिवंत, तोंड वर करून हवा पिणारा. सात महिने तिथे पाण्याचा थेंब नव्हता.

माणसं लगेच सुरी शोधायला लागली. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो आणि सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ आहे, याच्या अंगाला हात लावायचा तर आधी माझ्या अंगाला लावा. बेस्वेरी म्हणाला, भाऊ तोंडावळ्याने दिसतोच आहे. मी हसलो नाही. मांबाला परातीत घालून उघड्या पाण्यात सोडून आलो.

परत येताना डोक्यात प्रकाश पडला. भट्टीखालची जागा उतरती होती म्हणून बेस्वेरीने ती भरून सपाट केली होती. कशाने? त्याच काठावरच्या सुक्या ढेकळांनी. चाळीस तरी असतील, त्यांवर नऊ हजार विटा. खाली आणखी किती भाऊ झोपलेत देव जाणे. भट्टी लावायची मी थांबवली आहे.

काळजी करू नकोस. मुलांना गोड पापा. उत्तर लवकर टाक.

तुझा,
एरियादादा


जिंजा,
१३ फेब्रुवारी १९९४

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

गुडघा आहे तसाच आहे. खोकला आहे. युनिया उठली, बाळाने पोट धरलं, झाकालियाची दाढ निघाली. सगळ्यांचं झालं. आता माझं ऐका.

काळजी करू नकोस असं लिहून तुम्ही सही करता आणि इकडे माझ्या जिवाला घोर लागतो. ३१ मार्चला ही कंपनीची खोली सोडायची आहे. योकाना निवृत्त होणार हे गिरणीला तीस वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, त्यामुळे एक दिवसही जास्त मिळणार नाही. आमच्या मागे येणाऱ्या फोरमनची बायको आत्ताच येऊन खिडक्यांची मापं घेऊन गेली. माझ्यासमोर. माझ्या पडद्यांना नावं ठेवत.

आणि तुम्ही काय करता? ढेकळांची राखण. पाण्यावाचून मासा सात महिने जगतो हे मला सांगू नका. तो मेलेला असेल, तुमच्या अधू डोळ्याला हलताना दिसला असेल. खड्ड्यात सापडला तो रात्री पाण्याच्या वासाने कुठूनतरी सरपटत आला असेल. मांबा माझंही देवक आहे, दादा. मी मेल्या माशाच्या टोपलीजवळूनही तोंड फिरवून जाते. पण मातीच्या ढेकळाला मी भाऊ म्हणणार नाही.

योकाना म्हणतात की मेहुण्यांना मासे नको असतील तर भट्टीच्या कडेला मला एक ताटली मांडू द्या, आयते भाजून मिळतील. मी त्यांना आठवण करून दिली की नोव्हेंबरात सगळा जिंजा तळलेले टोळ खातो तेव्हा टोळाच्या देवकाचे आमचे हे गृहस्थ खोलीत दार लावून बसतात, वास सहन होत नाही म्हणून.

आमच्या लग्नात रिवाजाप्रमाणे यांनी तुमच्या हातात कोंबडा ठेवला होता. बहिणीच्या घराकडे बघेन म्हणून तो कोंबडा तुम्ही खाल्लात. येत्या रविवारी भट्टी लावा.

रागावले आहे तरी नमस्कार आहेच.

आपली,
दमाली


किटोसी,
२० फेब्रुवारी १९९४

चि. दमालीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कान गरम झाले. कोंबडा म्हातारा होता, तीन तास शिजला नाही, हेही लिहायचं होतंस.

तू म्हणतेस मासा पाण्यावाचून जगत नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला सवय आहे, म्हणून नीट लिहितो. माझ्याकडे राहून गेलेल्या मास्तरांचं जीवशास्त्राचं पुस्तक मागे राहिलं, ते मी चारदा वाचलंय. पहिल्या तीन वेळा काही कळलं नाही. त्यात असं आहे की पाणी आटायला लागलं की मांबा चिखल खात खाली जातो, अंगाची गुंडाळी करतो, शेपूट डोळ्यांवर ओढून घेतो, आपण पांघरूण घेतो तसं. मग अंगातून चिकट रस सोडतो, तो वाळून कागदासारखी पिशवी होते. फक्त तोंडाशी एक भोक. त्याला छाती आहे, दमाली, तुझ्यामाझ्यासारखी. पाण्यात धरून ठेवला तर बुडून मरतो. आणि पिशवीत पडल्या पडल्या स्वतःचंच मांस खाऊन दिवस काढतो. एक वर्ष, दोन वर्षं, पुस्तकात चार वर्षांचाही दाखला आहे. सात महिने म्हणजे त्याची दुपारची डुलकी.

पुस्तकावर विश्वास नसेल तर कानावर ठेव. जुने कोळी सुका भोपळा घेऊन त्यावर बोटांनी पावसासारखी टपटप करतात. खाली झोपलेल्याला वाटतं पाऊस आला, तो चुळबुळतो आणि सापडतो. ते मारण्यासाठी करत, मी मोजण्यासाठी केलं. पोटावर पडून, भट्टीच्या चुलीत डोकं घालून. या वयात. बेस्वेरीची माणसं हसून लोळत होती. तीन ठिकाणी आवाज आला, कदाचित पाच. जुनं दार कुरकुरावं तसा. मग बेस्वेरीने डोकं आत घातलं. बाहेर आला तो हसत नव्हता, आणि दुपारी उकडलेल्या केळ्यांचे मटोके ताटात तसेच टाकून घरी गेला.

मी आपल्या कुळाच्या वडीलधाऱ्यांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, नकळत जळाले असते तर दोष नव्हता. आता ऐकलंत, आता दोष आहे. ज्याचा हात त्याला आणि ज्याचं घर त्याला. बेस्वेरीला विचारलं तर म्हणतो भट्टी उतरवून पुन्हा रचायला महिना लागेल, आणि मध्ये पाऊस आला तर कच्च्या विटांची पेज.

तेव्हा घर तुझं आहे. मी अडवणारा कोण? काडेपेटी माझ्या खिशात आहे. तू स्वतःच्या हाताने एवढंच लिही, ‘लावा’. पत्र मिळाल्याच्या दिवशी लावीन आणि पुन्हा त्यावर अवाक्षर काढणार नाही. पण लिहायचं तू.

गुडघ्याला लेप लाव. वाट पाहतो.

तुझा दादा


जिंजा,
२७ फेब्रुवारी १९९४

ती. दादास सा. न.

तुम्ही लहानपणापासून असेच. स्वतः काही करायचं नाही आणि समोरच्याच्या हातात काठी देऊन म्हणायचं, मार.

तीन वेळा कागद घेतला. तीन वेळा लिहिलं. तिन्ही कागद चुलीत गेले. चौथा आणायला झाकालियाला पाठवलं तर तो विचारतो, आई, मामाला इतकं लांब पत्र लिहितेस का? एक शब्द लिहायचा होता, दादा. तो मला लिहिता आला नाही. खूश व्हा.

पण घर मला हवंच आहे. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या भिंतींना चुना लावला. खिळा ठोकायचा तरी विचारून. मला चार खोल्या हव्यात आणि त्यांतल्या एकीला आतून कडी हवी.

म्हणून योकानांना पाठवते आहे. त्यांचं देवक वेगळं, त्यांना दोष नाही. मांबा त्यांनी जन्मभर खाल्लाय. गुरुवारच्या गाडीने उतरतील. काडी तेच ओढतील. हात त्यांचा, आणि मी काही लिहिलेलं नाही. तुम्ही त्यांच्या आड उभे राहू नका, एवढी तरी बहिणीवर माया करा.

त्यांना थंड पाणी देऊ नका.

दमाली


किटोसी,
१४ मार्च १९९४

प्रिय दमालीस,

मी बरा आहे. पत्राला उशीर झाला कारण हाताला फोड आले होते.

तुझे दादा आड आले नाहीत. आल्याबरोबर मला भुईमुगाच्या आमटीबरोबर मटोके वाढले, काडेपेटी माझ्यापुढे ठेवली, शेजारी तो भोपळा ठेवला आणि स्वतः केळीच्या बागेत निघून गेले. मागे वळूनही पाहिलं नाही. अडवायला कोणीच नव्हतं, तीच अडचण झाली. वाद घातला असता तर मी रागाच्या भरात लावली असती.

भोपळा मी घेतला तो त्यांना खोटं पाडायला. चुलीत डोकं घालून टपटप केली. काही नाही. हसू आलं. पुन्हा केली, आणि डाव्या बाजूने कोणीतरी कूस बदलली. आमचे वडील पहाटे उठायच्या आधी बदलत तशी, कण्हून. चाळीस वर्षं मी हा मासा खातोय, पण खाण्याआधी माझ्याशी कधी कोणी बोललं नव्हतं. तुमच्या देवकाशी माझा काही संबंध नाही, दमाली. पण आतून कोणी उत्तर देतंय म्हटल्यावर काडी ओढायला वेगळ्याच मातीचा हात लागतो. माझा तो नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि दादांनी भट्टी उतरवायला घेतली. बेस्वेरीने आम्हा दोघांना वेड्यात काढलं आणि तिसऱ्या दिवशी माणसं घेऊन स्वतःच आला. सहाव्या दिवशी दुपारी आभाळ आलं. यंदा पाऊस लवकर. घराचे पत्रे खोलीतून ओढून विटांवर टाकले. तीन हजार झाकल्या. बाकीच्यांचं मी लिहीत नाही, तू समज. दादा पावसात उभे राहून वितळणाऱ्या विटांकडे बघत होते आणि तुझं नाव घेत होते.

ढेकळं ओसरीवर आणली. पाचांना भोक होतं. एक भिजवून उकललं तर आत जुन्या चामड्याच्या जोड्यासारखं काहीतरी. मी म्हटलं, हे मेलंय. परातीत ठेवलं. दुपार गेली. मग त्याने तोंड वर काढलं आणि हवेचा असा घोट घेतला की बेस्वेरी दोन पावलं मागे सरला. असे चार जण उठले. चौघांना दलदलीत सोडलं. जाताना दादा प्रत्येकाला दूध पाजून पाठवावं तसे काहीतरी पुटपुटत होते. पाचवा लहान आहे, वीतभर. दोन दिवस झाले, हललेला नाही. दादा त्याच्या परातीशी बसून आहेत, जेवायलाही तिथेच.

आता तुला सांगायला तोंड नाही. बेस्वेरी म्हणतो जूनमध्ये पुन्हा विटा पाडू. तीन हजारांत तोवर एक खोली होईल, आतून कडीची. नाहीतर दादांची पुढची खोली. काय करायचं ते लिही. तू सांगशील ते.

तुझा,
योकाना


जिंजा,
१८ मार्च १९९४

ती. दादास सा. न., आणि योकानांनाही हेच पत्र वाचून दाखवा.

तुम्हा दोघा धट्ट्याकट्ट्या पुरुषांना मिळून एक काडी ओढता आली नाही. योकानांचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा पलंगावर पडून. सहा हजार विटा. त्यांतली एकेक मी इथे बसून मनाने रचली होती.

खोली एकच बांधा. दार पूर्वेला. कडी आतून, आणि ती मी येताना घेऊन येईन, तुम्ही आणाल ती गंजकी असेल. ३० तारखेला अकरा बोचकी, दोन पलंग, झाकालिया, युनिया आणि बाळ यांना घेऊन येते आहे. दादा, तुमची पुढची खोली रिकामी करा. शेळी मागे बांधा. पत्रे आता छपरावर जाईपर्यंत कुठेही उभे करा, पण माझ्या उशाशी नको. जूनमध्ये विटा पडतील तेव्हा चिखल कुठला आणायचा ते मी ठरवीन, आणि ढेकूळन् ढेकूळ माझ्या डोळ्यांखालून जाईल.

शेजारणींना सांगितलं, पावसाने विटा नेल्या. खोटं नाही. फोरमनच्या बायकोने फार वाईट वाटल्यासारखं केलं. पडदे मी तिला दिले नाहीत.

लाज सोडून एक लिहिते. पत्र आलं त्या दिवसापासून मी भाकरी थापता थापता थांबते. परवा झाकालियाने विचारलं काय झालं, तर मी त्याच्यावरच खेकसले. चार उठले, ठीक. घराचं, खोलीचं, कडीचं उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल. पाचव्याने श्वास घेतला का, तेवढं उलट टपाली कळवा. नसेल घेतला तरी कळवा.

तुमच्या मायेत राहू द्या.

आपली,
दमाली