चीनला जाऊन आले, सर

सर, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून तस्साच आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना तुम्ही चित्रकला शिकवली नाहीत, त्यांनी खुशाल पाळावं ते.

आठवीतला तो तास तुम्ही विसरला असाल, मी नाही. इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेची तयारी चालली होती. स्मरणचित्राचा पेपर, विषय नदीकाठ. सगळ्यांनी घाट काढला, देऊळ काढलं, धुणं धुणाऱ्या बायका काढल्या. मी शेजारच्या काकूंच्या शोकेसमधल्या चिनी बशीवरचा पूल काढला. अर्धा दगडाचा, अर्धा पाण्यातल्या प्रतिबिंबाचा, दोन्ही मिळून पूर्ण गोल. तुम्ही कागद उंच धरून वर्गाला दाखवलात. "स्मरणचित्र म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं काढायचं. या बाई चीनला जाऊन आल्यात वाटतं!" वर्ग खो खो हसला. तुम्ही लाल पेन्सिलीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारलीत, कागद माझ्या हातात दिलात आणि परीक्षेच्या यादीतून माझं नाव खोडलंत. मला आर्किटेक्ट व्हायचं होतं हो, सर. दहावीपर्यंत पोरं मला 'चिनी' म्हणत होती. पेन्सिल सुटली ती सुटलीच, आणि मी कॉम्प्युटरला गेले.

तर ऐका. त्याच कॉम्प्युटरने मला नेदरलंड्समधल्या हार्लेमला आणलं, आणि लॉकडाउनच्या आधीच्या शरदात ऑफिसने चीनमधल्या सुझौच्या प्लँटला पाठवलं. रविवारी तिथली एक सहकारी मला जवळच्या जुन्या गावात घेऊन गेली. रस्त्यांच्या जागी कालवे, घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि वळणावर तो पूल. अगदी बशीवरचा! अर्धा दगडाचा, अर्धा पाण्यातला. मी चहाच्या दुकानात बसले, मीटिंगच्या अजेंड्याचा पाठकोरा कागद घेतला आणि बॉलपेनने तुमच्या नाकावर टिच्चून तो पूल काढला. चहावाल्या बाईने डोकावून पाहिलं आणि अंगठा वर केला. तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं.

एवढ्यावर माझं समाधान झालं असतं तर काय हवं होतं! तुमच्या मुलाकडून घरचा पत्ता मिळवला. एप्रिलचं पुण्याचं तिकीट काढलं. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर तो कागद ठेवायचा आणि म्हणायचं, घ्या, आले जाऊन. आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं बंद, शाळा बंद. स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलावर माझं ऑफिस आणि सात वर्षांच्या लेकीची शाळा.

एका दुपारी ती आजीला पाठवायला आजीच्या घराचं चित्र काढत बसलेली. मी कॉल संपवून बघते तर घरासमोर कालवा, कालव्यात होडी, पुलावर सायकली.

"अगं, आजीच्या सोसायटीसमोर पाणी कुठून आलं? तिथे पार्किंग आहे."

तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "बट आय रिमेंबर इट लाइक दॅट, आई."

"रिमेंबर? तीन वर्षांची होतीस तू! पाहिलेलं काढायचं, मनाचं नाही!"

आवाज माझाच होता, पण चाल सगळी तुमची. ती स्केचपेनला टोपण लावत बसली. रडली असती तर मी तिथेच थांबले असते.

आता विमानं सुरू झाली आहेत. चीनचा कागद ड्रॉवरमध्ये आहे, हे पत्रही तिथेच जाईल. तुमच्या घरी मी येणार नाही, आणि माफ केलंय असंही समजू नका. फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही माझ्या चित्रावर फुली मारली होतीत, सर. मी लेकीचं फाडलं.