हेड पुसायची पाळी

नाना, आज ऑफिसात मी एका मुलीशी भांडले. मुलगी म्हणजे पंचविशीतली, माझ्याच हाताखाली काम करते, हुशार आहे. चहाच्या वेळी कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं की अमेरिकेतला आजवरचा सगळ्यात मोठा रॉक बँड कोणता, आणि लागले सगळे तावातावाने बोलायला. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. तुमची मुलगी ती, किती वेळ गप्प बसणार? तुमच्या लाडक्या बँडचं नाव घेतलं. त्यावर ती मुलगी हसत एकच वाक्य बोलली आणि माझं डोकं असं फिरलं की चहा तसाच ठेवून मी निघाले. द्वारका चौकात तुमचं दुकान होतं तिथे गाडी जरा थांबवावी म्हटलं, तर मागून हॉर्नवर हॉर्न. वळसा घालून पुन्हा आले, पुन्हा तेच. घरी येऊन तीनदा पंखा कमी-जास्त केला, दोनदा गॅलरीत जाऊन आले. आई म्हणाली, "अगं, मुंग्या चावतायत का तुला?" म्हणून हे लिहायला बसले आहे.

दुकान कसलं, दहा बाय आठची खोली ती. पण हायवेला लागून होती, म्हणून ट्रकवाले, जीपवाले, कांद्याचे व्यापारी सगळे तुमच्याकडे टेप बसवून घ्यायला यायचे. मी शाळेतून थेट तिथे. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटखाली अर्धे आत शिरलेले, फक्त पाय बाहेर, आणि आतून आवाज, "पाना दे. तो नाही, बारका." डेक बसला की स्पीकर तपासायला तुमची ठरलेली कॅसेट. देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाने बदली होऊन जाताना खोकंभर कॅसेट तुमच्याकडे टाकल्या होत्या. सगळ्या कॉपी केलेल्या, वरची पेन्सिलीची नावं पार पुसलेली. साहेब एवढंच म्हणाला होता म्हणे, की सगळं अमेरिकन रॉक आहे, जपून वापर. त्यातलं एक गाणं येवल्याच्या एका ड्रायव्हरच्या गाडीत तुम्ही पूर्ण आवाजात लावलं होतं, ते मला अजून दिसतं. तो बिचारा कानावर हात ठेवून म्हणतो, "शेठ, हे काय लावलंय? लय डोकं उठतंय. गाणं लावा ना एखादं." आणि तुम्ही, "गाणं घरी जाऊन लाव. आधी डावा स्पीकर बोलतोय का बघू दे."

नावं नव्हती म्हणून आपणच बारसं केलं. साठच्या दशकातला तो बँड, ज्यात बेस गिटारच नाही आणि एकजण डाव्या हाताने पेटी वाजवून बेस काढतो, ते पेटीवाले. मोकळे केस आणि चकचकीत कपड्यांचे ऐंशीतले सगळे, ते केसवाले. त्यांना तुम्ही एकगठ्ठा नापास केलं होतंत. आणि तुमचे लाडके, सत्तरीतले, दोन गिटारी आणि संपता न संपणारी गाणी, ते हायवेवाले. कसारा घाट चढताना ऐकावेत तर हेच, असं तुमचं म्हणणं. मग नव्वदीत आपल्या कॉलनीत केबल आली आणि मला माझे सापडले. अमेरिकेतल्या कुठल्याशा पावसाळी गावातले, फाटके स्वेटर घालून, जगावर रुसल्यासारखे गाणारे. मैत्रिणीच्या घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून मी त्यांची कॅसेट केली. ऐन शांत जागी तिच्या आईच्या कुकरची शिट्टी आली आहे त्यात. तुम्ही ती ऐकून म्हणालात, "गाणं ठीक आहे, शिट्टी सुरात आहे." आज ते गाणं स्वच्छ ऐकायला मिळतं, तरी त्या जागी मी शिट्टीची वाट बघते.

तिथून पेटलं ते सात-आठ वर्षं विझलंच नाही. आपल्या घरात लोक एकमेकांशी काय बोलतात? जेवलीस का, किती वाजता येणार, लाइट बंद कर. तुम्ही मला कधी विचारलं नाही की पोरी, तू खूश आहेस का. मीही तुम्हाला कधी विचारलं नाही. त्याऐवजी मी आत आले की तुम्ही म्हणायचात, "तुझे पावसाळी चार-पाच वर्षांत विझले. टिकला तोच मोठा." आणि मी म्हणायचे, "टिकण्यावरच असेल तर द्वारकेचा खड्डा सगळ्यात मोठा." मी म्हणायचे, एकट्याने कानाला लावून ऐकल्यावर जे आतून ढवळतं ते खरं. तुम्ही म्हणायचात, इंजिन चालू असताना जे ऐकू येतं ते खरं. आई ताटावर हात ठेवून बसलेली असायची. "पोळ्या गार झाल्या. आणि अमेरिकेत तुम्हा दोघांना ओळखतंय कोण?" तिचं आपलं बरोबर होतं. पण आपण दोघं थांबणाऱ्यातले नव्हतो.

नियम तुमचेच होते सगळे. पहिला, फक्त अमेरिका. इंग्लंड मध्ये आलं की वादच संपतो, असं म्हणून तुम्ही अख्खा देश बाद केला होता. दुसरा, अर्धी कॅसेट ऐकून मत द्यायचं नाही. एकदा मी पेटीवाल्यांना एका गाण्यात निकालात काढलं, तर तुम्ही दुकानाचा मेन स्विच पाडलात. गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि तुम्ही माझ्यावर कडाडलात, "अर्धा रेडिओ खोलून मी लोकांना सांगतो का काय बिघडलंय ते? बस इथं. दोन्ही बाजू ऐक, मग तोंड उघड." मला रडू आलं होतं, रागाने. ऐकली मी दोन्ही बाजूंनी. पेटीवाले चांगले होते, हे मान्य करायला मात्र आठवडा घेतला. आणि तिसरा नियम हेडचा. जो हरेल त्याने दुकानातल्या प्रत्येक डेकचं हेड रोज सकाळी पुसायचं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि टेप जिथे घासून जाते तो इवलासा तुकडा हलक्या हाताने साफ करायचा, नाहीतर आवाज घोगरा होतो. हरत कोणीच नव्हतं, त्यामुळे पुसायचात तुम्ही. रोज मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "आजच्या दिवस पुसतो. उद्यापासून तुझ्या गळ्यात."

बारावीनंतर तुम्ही मला डेक दिलात. भंगारात निघालेल्या ट्रकचा, प्लायवूडच्या पेटीत बसवलेला, एलिमिनेटर लावून घरच्या लाइटवर चालणारा. पेटीला तुम्ही स्वतः पॉलिश केलं होतं, एका बाजूला बोटाचा ठसा राहिला आहे. देताना काय म्हणालात? "यावर तुझे पावसाळी वाजतील, पण शोभतील हायवेवालेच." सरळ आशीर्वाद द्यायला तुम्हाला काय होत होतं, कोण जाणे.

आता जे लिहायचं आहे ते बसून लिहिता येत नाही. उठून पाणी पिऊन आले. नाना, सायबर कॅफे नवे होते तेव्हाची गोष्ट. कॉलेज रोडच्या एका कॅफेत मी तासभर बसले होते, तुमच्याविरुद्ध पुरावा शोधायला. हायवेवाल्यांच्या गाण्यातले कानाने पकडलेले चार शब्द टाकले, आणि हळूहळू पान उघडलं, वरून खाली, पडदा उतरावा तसं. फोटो आला. नाव आलं. त्याखाली गाव आलं. नाना, तुमचे हायवेवाले अमेरिकेचे नाहीत. इंग्लंडचे आहेत. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीजवळच्या एका गावातले. आयुष्यभर अमेरिकन सूर लावून गायले, आणि लष्करी साहेबाला, तुम्हाला, मला, सगळ्यांना फसवलं. तुमच्याच पहिल्या नियमाने तुमचा बँड बाद! मी कॅफेत एकटी इतकी हसले की मालक बघायला लागला. जिंकले होते मी. रिक्षाने द्वारकेला येईपर्यंत मी वाक्य घोळवत होते, कुठून सुरू करायचं, केव्हा थांबायचं, तुमचा चेहरा कसा होईल.

तुम्ही स्टुलावर वाकून बसला होतात, एक हात काउंटरवर, समोर बादली. बादलीत रक्त होतं. मला बघून म्हणालात, "काय गं, एवढी पळत? काही झालं का?" मी म्हटलं, काही नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे आणि नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी मला आणि काकांना बाहेर बोलावून अन्ननलिकेचं सांगितलं, फार तर काही महिने म्हणाले. सटाण्याहून कांद्याचा लिलाव सोडून आलेले काका, धाकटे असून त्यांनीच ठरवून टाकलं. "त्याले काही सांगू नका. अल्सर शे, एवढंच म्हणायचं." आई मान हलवत राहिली. मीही हलवली. चार दिवस आम्ही तिघंही झकास नाटक केलं. काका तर तुम्हाला द्राक्षं खायचा आग्रह करायचे, अल्सर बरा झाला की वणीला जाऊ म्हणायचे. तुम्ही हसायचात. मला वाटलं, पचलं.

पाचव्या दिवशी दुपारी आई डबा आणायला गेली होती. तुम्ही खिडकीकडे तोंड करून पडला होतात. एकदम म्हणालात, "त्या दिवशी काय सांगायला आली होतीस? पळत?" मला ते सांगता आलं असतं. इंग्लंडचे आहेत, नाना, बाद. तुम्ही उठून बसला असतात, शिव्या घातल्या असत्यात, कॅफेवाला खोटारडा आहे म्हणाला असतात. पण तुमच्या मनगटाचं हाड मला पहिल्यांदाच एवढं वर आलेलं दिसलं, आणि माझ्याच्याने तुमचं काही काढून घेववेना. मी म्हटलं, "हेच सांगायला आले होते, की तुमचेच भारी. हायवेवाले. मी हरले."

तुम्ही वळलात. मग विचारलंत, "मग हेड कोण पुसणार?"

"मी."

"रोज?"

"रोज."

रागावलात किंवा घाबरलात की तुम्ही तुमच्या गावच्या बोलीवर जायचात. अगदी हळू म्हणालात, "तू हारणारी पोर नाही. मंग काय शे ते सांग."

मी म्हटलं, अल्सर आहे. तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुन्हा खिडकीकडे वळलात. संध्याकाळी काका आले तर त्यांना सांगितलंत, दुकानात लोकांचे डेक पडले आहेत, ज्याचे त्याला पोचते करा, उगाच कोणाचं अडकायला नको. काका बाहेर येऊन माझ्यावर आणि आईवर ओरडले, "कोणी सांगितलं त्याले?" ते अजूनही विचारतात. सणावारी आले की एकदा तरी विषय निघतो. मी कधी उत्तर दिलं नाही. मीच सांगितलं, काका. आजाराचं नाव न घेता सांगितलं. डॉक्टर जे बोलले नाहीत, आई जे बोलली नाही, ते मी 'हरले' म्हणून सांगून टाकलं.

यावरून मी स्वतःला किती वर्षं कुरतडते आहे, नाना. कधी वाटतं, मी जिभेला आवर घातला असता तर तुम्ही ते दिवस तरी निर्धास्त काढले असतेत. कधी वाटतं, बरं झालं, तुम्हाला हवी तशी आवराआवर करता आली, आईजवळ बसता आलं. आणि बहुतेक वेळा मला तुमचाच राग येतो. मी हरले म्हटल्यावर तुम्ही भांडायला नको होतं का? "अशी कशी हरलीस, कारण सांग" म्हणून मेन स्विच पाडायला नको होता का? त्यानंतर तुम्ही बँडचा विषय एकदाही काढला नाहीत. मी मुद्दाम केसवाल्यांची स्तुती केली, तर "असतील चांगले" म्हणालात. असतील चांगले! केसवाले! तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा तेवढी रडले नाही.

आज ती मुलगी हसत म्हणाली, "मॅडम, ते तर इंग्लंडचे आहेत." बरोबर बोलली. आणि मी सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून म्हटलं, अमेरिकेचेच आहेत, माझ्या वडिलांनी सांगितलंय. उद्या ती मला मोबाइलवर दाखवेल. दाखवू दे. तरीही मी अमेरिकेचेच म्हणणार आहे.

हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून एक शेवटचं सांगून टाकते. दवाखान्यात रोज पुसेन म्हणाले होते ना? एकदाही पुसलं नाही. दुकान रिकामं केलं त्या दिवशी काकांनी बोळा आणि बाटली हातात दिली होती, ती तशीच पिशवीत घातली. तुमचा डेक माझ्या खोलीत आहे. मघाशी लावला, तुमची ती टेस्टिंगची कॅसेट. हायवेवाले पार घोगरे झाले आहेत, पाण्याखालून गात असल्यासारखे. आईने दारातून विचारलं, "अगं, पुसून का घेत नाहीस?"

मी का पुसू? हरलात तुम्ही, नाना. पाळी तुमची आहे.